मागल्या पावलांचे गाणे

जे आपले नाही ते जपून ठेवण्याचे काम जो पत्करतो, त्याने एक गोष्ट मनाशी नीट समजून घ्यावी. त्याच्या हातून काही निसटले, तर ज्याचे ते होते त्याच्याकडून ते दुसऱ्यांदा जाते. पहिल्यांदा काळ नेतो, आणि काळाला कोणी जाब विचारत नाही. दुसऱ्यांदा नेणाऱ्याला मात्र नाव असते, चेहरा असतो, आणि बहुधा त्याचा हेतूही चांगलाच असतो.

लोकगीतांच्या संग्राहिकेने स्टुलावरच्या औषधाच्या बाटल्या एका कडेला सारल्या, तेथे आपले यंत्र ठेवले आणि वायर भिंतीतल्या खटक्यापर्यंत पोहोचते का ते पाहिले. वीतभर कमी पडत होती. सूनबाईंनी स्वयंपाकघरातून लांब वायरीचा बोर्ड आणला. त्यासाठी फ्रीज बंद करावा लागला, तेव्हा त्या म्हणाल्या की दूध नासले तर नासू दे, पण मामंजींना आता आणखी थांबवू नका. तुमचे पत्र आल्यापासून रोज विचारताहेत, आणि आज सकाळी तर दोनदा दाढी करवून घेतली.

"एकदाच," खाटेवरून आवाज आला. "दुसऱ्यांदा नुसता साबण लावला."

उशीला टेकून बसलेल्या या वृद्धाला सारे गाव चाकवाले म्हणे, कारण दोर वळण्याचे चाक त्यांनी उभा जन्म फिरवले होते. चाक थांबून अठरा वर्षे झाली होती. उजवा हात मात्र अजून थांबला नव्हता. पांघरुणावर तो मनगटातून सावकाश गोल फिरत राही, बोलताना, जेवणाची वाट पाहताना, झोपेतसुद्धा. डॉक्टरांनी त्याला काही नाव दिले होते, पण सूनबाईंनी ते लक्षात ठेवले नव्हते. त्यांच्या मते हात कामावर होता, बाकीचे शरीर निवृत्त झाले होते.

खिडकीबाहेर दोराची गल्ली होती. दोन्ही बाजूंनी बुटक्या भिंती, वर जागोजाग उडालेले पत्रे, आणि लांबी तीनशे पावले. तिच्या या टोकाला सूनबाईंनी कपडे वाळत घालण्यासाठी निळी नायलॉनची दोरी बांधली होती. चाकवाल्यांचा मुलगा गावातल्या ज्या दुकानात नोकरी करी, तेथून ती आली होती. ती बांधली तेव्हा चाकवाले मुलाशी आठ दिवस बोलले नव्हते. नवव्या दिवशी त्यांनी स्वतः उठून तिची गाठ सोडली आणि पुन्हा नीट मारून दिली.

बत्तीस वर्षांपूर्वी संग्राहिका प्रथम येथे आली तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती, आणि खांद्यावर फितीचे जड यंत्र होते. दोर वळणाऱ्यांची गाणी कोणी तरी नोंदवून ठेवली पाहिजेत, एवढेच तिला ठाऊक होते. बाकीचे तिने येथे पाहिले. दोर वळायला दोन माणसे लागत. एक चाकापाशी बसे. दुसरे कमरेला वाखाच्या तंतूंचा जुडगा बांधी, त्याची पहिली बट चाकाच्या आकड्यात अडकवी, आणि मागल्या पावलांनी दूर दूर जात राही. बोटांतून वाख सुटत जाई, चाक त्याला पीळ देई. दोघांची तोंडे एकमेकांकडे असत आणि मधले अंतर मात्र वाढत जाई. चाक आणि पाऊल एका गतीने चालावे म्हणून गाणे असे. प्रत्येक कडव्यात एक ओळ चाकाची आणि एक पावलांची.

जवळ असेपर्यंत ती थट्टेची कडवी असत. सत्तरएक पावलांनंतर समोरचा चेहरा ओळखू येईनासा झाला की लांबची कडवी सुरू होत, आणि ती कोणी आधी रचून ठेवलेली नसत. समोरासमोर जे बोलवत नाही ते लांबच्या कडव्यात म्हणावे, असा या लोकांचा शिरस्ता होता. ऐकू गेले तर गेले. चाकाच्या खडखडाटात बहुधा जात नसेच. आणि दोर पुरा करून माणूस चाकापाशी परतला की त्याविषयी चकार शब्द काढायचा नाही. लांबचे लांबच राहायचे.

त्या सकाळी चाकावर चाकवाले होते आणि पावलांवर त्यांची थोरली बहीण, अक्का. संग्राहिकेने ध्वनिग्राहक चाकाशेजारी उभा केला, कानांवर हेडफोन चढवले, आणि एका अखंड दोराचे गाणे आरंभापासून अखेरपर्यंत फितीवर घेतले. निघताना तिने शब्द दिला होता की पुढच्या महिन्यात तुम्हाला एक प्रत पाठवीन. तो महिना बत्तीस वर्षांनी उजाडला होता, आणि तोही सूनबाईंनी कार्यालयाचा पत्ता शोधून पत्र लिहिले म्हणून.

"अकराव्या कडव्याला जरा लक्ष द्या," चाकवाले म्हणाले. "तिथं मी तिला एक विचारलं होतं."

मग त्यांनी जे सांगितले ते सांगायला त्यांना बराच वेळ लागला, कारण ते मध्येच थांबून खिडकीबाहेर पाहत. वडील गेल्यावर चाक त्यांच्याकडे आले आणि पावले अक्कांकडे. अक्कांइतके एकसारखे मागे चालणारे माणूस त्या पंचक्रोशीत नव्हते. त्यांच्या दोरात कधी जाड-बारीक होत नसे. अशात नावा बांधणारा एक सुतार दोर न्यायला येऊ लागला, आणि एक दिवस त्याने अक्कांना मागणी घातली. चाकवाल्यांनी त्याला परस्पर सांगितले की तिची इच्छा नाही. अक्कांना विचारले नव्हते. विचारले असते तर काय उत्तर आले असते ते त्यांना ठाऊक होते, म्हणूनच विचारले नव्हते. सुतार पुन्हा आला नाही. वर्षभराने अक्कांना कोणाकडून तरी ते कळले. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा कमरेला वाख बांधला आणि चालू लागल्या, आणि पुढली अनेक वर्षे तशाच चालत राहिल्या.

"पुढं मला ते डाचायला लागलं. जवळ असताना विचारायची छाती झाली नाही. त्या दिवशी तुम्ही यंत्र घेऊन आलात, म्हटलं आज विचारावं. मला नाही ऐकू आलं तरी यंत्राला येईल."

"आणि त्यांनी उत्तर दिलं?"

"दिलं. हाताला कळलं. गाणाऱ्याचा श्वास दोरात उतरतो, आकड्यापाशी थरथर येते. उत्तर आलं एवढं कळलं. काय आलं ते खडखडीत गेलं."

चाक थांबवून ऐकायचे, असे करता येत नसे. ताणलेला दोर असताना चाक थांबले तर पीळ उलगडतो आणि सकाळभराचे काम वाया जाते. आणि अक्का परत चाकापाशी आल्यावर विचारायचे नाही, हा शिरस्ता. पुढे चौदा वर्षे त्या जगल्या, याच छपराखाली, आणि रोज एका चुलीवरचे जेवल्या. ज्या दिवशी त्या गेल्या त्या दिवशी चाक थांबले.

दारात उभ्या असलेल्या सूनबाई हे सारे प्रथमच ऐकत होत्या. त्या या घरात आल्या त्या अक्का गेल्यानंतर. त्यांनी अक्कांना पाहिले होते ते भिंतीवरच्या तसबिरीत, आणि त्या तसबिरीत अक्का ज्या अर्थी कपाळाला इतक्या आठ्या घालून उभ्या आहेत त्या अर्थी छायाचित्रकाराने त्यांना सरळ पुढे चालायला लावले असणार, अशी घरातली जुनी थट्टा होती.

संग्राहिकेने कळ दाबली. यंत्रावरचे हिरवे दिवे वर चढले, खाली आले, योग्य उंचीवर नाचू लागले, आणि तिने नकळत मान हलवली. ही तिची जन्माची सवय होती. आवाजाची पातळी नीट लागली की मान एकदा खाली आणि वर. पूर्वी यंत्रांवर दिव्यांऐवजी काटा असे, तेव्हापासून कार्यालयातले लोक म्हणत की बाई काट्याला नमस्कार करतात.

पहिला आवाज चाकवाल्यांचा निघाला, चाळिशीतला, भरदार.

चाक माझं फिरतं, पाय तुझा झोपला

आणि लगेच, हातभर अंतरावरून यावा तसा, अक्कांचा.

झोपलेल्या पायानंच दोर तुझा ओढला

सूनबाई खुदकन हसल्या आणि मग पदर तोंडाला लावून तशाच उभ्या राहिल्या. चाकवाल्यांनी डोळे मिटले होते. पांघरुणावरच्या हाताला लय सापडली होती. इतके दिवस तो नुसताच फिरत होता, आता चाक फिरवत होता. दुसरे कडवे झाले, तिसरे झाले. अक्का एकेक पाऊल दूर जात होत्या आणि ते ऐकू येत होते. चौथ्या कडव्यात त्यांनी भावाच्या घोरण्यावर काही म्हटले, पाचव्यात भावाने त्यांच्या तिखट हातावर. सहाव्या कडव्यात त्यांचा आवाज शेजारच्या घरातून यावा इतका बारीक झाला.

सातव्या कडव्यात चाकाची ओळ आली. पावलांची आली नाही.

आठव्यातही आली नाही. चाकवाल्यांनी डोळे उघडले.

"आवाज वाढवा."

संग्राहिकेने आवाज पूर्ण वाढवला. नवव्या कडव्याची त्यांची ओळ खोलीत इतकी मोठ्याने घुमली की पेल्यातले पाणी थरथरले. त्यानंतर काही नाही.

"माझे कान गेले, का यंत्र?"

"मलाही येत नाही ऐकू, मामंजी," सूनबाई हळूच म्हणाल्या.

संग्राहिकेने हेडफोन कानांवर चढवले आणि दोन्ही हातांनी घट्ट दाबले. दोन ओळींच्या मध्ये शांतता होती. तिच्यात चाक नव्हते, वारा नव्हता, फितीची मंद सरसरसुद्धा नव्हती. अशी शांतता आपोआप कोठे नसते. ती कोणी तरी केलेली असते, आणि कोणी केली हे तिला त्याच क्षणी कळले. निवृत्तीपूर्वीच्या दोन वर्षांत तिने चौदाशे ध्वनिमुद्रणे साफ केली होती, आणि त्याबद्दल तिला शाल देऊन गौरवले गेले होते. तेव्हा संगणकाच्या पडद्यावर चाकाची खडखड दाट पट्ट्यासारखी दिसत होती. त्या पट्ट्याच्या पोटात फिकट डागांची एक ओळ होती. तिने पट्टा निवडला आणि पुसला. त्या वेळी सकाळचे अकरा वाजले असतील, आणि अशी आणखी सहा ध्वनिमुद्रणे दिवसभरात व्हायची होती.

अकरावे कडवे आले. ते मात्र स्वच्छ होते, प्रत्येक अक्षर वेगळे काढून ठेवल्यासारखे.

दूर गेलीस अक्का, डोळे तुझे दिसेनात
धरून ठेवलं तुला मी, राग आहे का मनात

नेहमीच्या दुप्पट लांबीची ती ओळ होती. तिच्यानंतर जी शांतता आली तीही दुप्पट लांबीची होती. चाकवाले पुढे झुकले, कान यंत्राकडे केला आणि तोंड किंचित उघडे राहिले. पांघरुणावरचा हात फिरत होता, कारण ताणलेला दोर असताना चाक थांबवायचे नसते. मग बाराव्या कडव्याची ओळ सुरू झाली. संग्राहिकेने यंत्र बंद केले.

सूनबाई चहा टाकते म्हणाल्या आणि आत गेल्या. आतून भांड्याचा वा स्टोव्हचा आवाज बराच वेळ आला नाही.

"दादा, अक्कांचा आवाज माझ्या हातून पुसला गेला," संग्राहिका म्हणाली. "चाकाची खडखड काढत होते. लांबचा आवाज त्या खडखडीतच होता. मला वाटलं, तीही खडखडच."

"खडखड कशाला काढली?"

"गाणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून."

"गाणं त्या खडखडीचंच होतं, बाई," ते म्हणाले. त्यात दोष देणे नव्हते. जुडग्यातली खराब बट काढून बाजूला ठेवावी तसे त्यांनी ते वाक्य बाजूला ठेवले.

मूळ फीत कोठे तरी असेल ना, असे त्यांनी विचारले. ती नव्हती. तिला बुरशी लागली होती. नक्कल झाल्यावर अशा फिती नष्ट करायच्या असे ठरले, आणि त्या यादीखाली सही संग्राहिकेचीच होती. पहिली, न पुसलेली नक्कल? तीही नव्हती. साफ केलेली प्रत ठेवावी आणि कच्ची काढून टाकावी, हा नियम तिनेच घालून दिला होता, जागा अपुरी पडते म्हणून. तिने एकही गोष्ट झाकली नाही. प्रत्येक उत्तरागणिक चाकवाले 'बरं' म्हणत, आणि प्रत्येक 'बरं' आधीच्यापेक्षा हलके येई.

नंतर त्यांनी खिडकीकडे तोंड वळवले. खिडकीतून गल्लीचा लांबच लांब पट्टा दिसत होता. उडालेल्या पत्र्यांतून ऊन खाली पडून त्याचे तुकडे झाले होते, आणि निळ्या दोरीवर नातवाचा गणवेश वाळत होता.

"तरी मला थोडं ठाऊक आहे," ते अखेर म्हणाले.

संग्राहिकेने मान वर केली.

"तुम्ही माझ्या शेजारीच उभ्या होतात त्या दिवशी. कानाला ते लावलेलं होतं. मला काही ऐकू येईना, म्हणून मी तुमच्या तोंडाकडं बघत राहिलो. म्हटलं, हिला तर सगळं ऐकू येतंय. वाईट काही आलं तर हिच्या तोंडावर दिसेल." त्यांनी श्वास घेतला. "आकड्यापाशी थरथर आली, आणि तुम्ही मान हलवलीत. एकदाच. अशी."

आणि बत्तीस वर्षांपूर्वीची ती मान त्यांनी हलवून दाखवली. एकदा खाली, एकदा वर. त्यात हनुवटीची ती अखेरची किंचित उचलसुद्धा होती, जी तिने स्वतः कधी पाहिली नव्हती आणि जिची कार्यालयातले सारे जण नक्कल करून दाखवत.

"अक्काचा राग नाही असं धरून तेवढ्यावर मी इतकी वर्षं काढली. आता तिच्या तोंडून एकदा ऐकलं असतं, इतकंच."

संग्राहिकेचे दोन्ही हात मांडीवर होते. त्या सकाळी तिने काय ऐकले होते ते आठवण्याचा तिने मनापासून यत्न केला. तिला काटा आठवला. पांढऱ्या तबकडीवरचा तो काळा काटा एका क्षीण, दूरच्या आवाजाने थरथरला होता. आवाज इतका बारीक असूनही नोंदवला जात आहे याचे तिला समाधान वाटले होते. शब्द आठवले नाहीत, कारण शब्दांकडे तिचे लक्षच नव्हते.

"हलवली होती ना?" चाकवाल्यांनी विचारले.

त्यांचा हात आता फार सावकाश फिरत होता.

"हो, दादा," ती म्हणाली. "हलवली होती."

ते मागे उशीवर रेलले. हाताने आणखी दोन फेरे घेतले, तिसरा अर्ध्यावर आला, आणि हात पांघरुणावर पालथा पडून राहिला. त्याच वेळी सूनबाई चहा घेऊन आल्या. त्या हाताकडे त्यांचे लक्ष गेले आणि बशीतला कप हिंदकळला. मग मामंजींची छाती वर-खाली होताना दिसली, तेव्हा त्यांनी कप स्टुलावर ठेवला.

संग्राहिका निघाली तेव्हा ते झोपले होते. यंत्राची पेटी उचलून ती गल्लीत उतरली. गाडीचा रस्ता दुसऱ्या टोकाला होता. निळ्या दोरीखालून वाकून ती चालू लागली, आणि सूनबाई दारात उभ्या राहिल्या. संग्राहिका पावले मोजत होती, हे तिला पन्नासाव्या पावलावर कळले. सत्तराव्या पावलावर तिने मागे वळून पाहिले. दारातल्या बाईचा चेहरा ओळखू येत नव्हता.

गल्लीच्या शेवटी भिंतीत एक गंजलेला खिळा होता, दोराचे टोक बांधण्याचा. तेथे पेटी खाली ठेवून तिने तोंड चाकाच्या बाजूला केले. घर आगपेटीएवढे दिसत होते. ती गाणारी नव्हती, तिच्याने म्हणवले नाही. ती नुसती बोलली, खाटेवरच्या माणसाशी बोलावे तेवढ्याच आवाजात.

"दादा, मी काट्याकडं बघत होते. अक्का काय म्हणाल्या ते मला ठाऊक नाही."

दारातल्या सूनबाईंना वाटले की बाई निरोप घेताहेत. त्यांनी हात वर केला.

ज्याने विचारले त्याची झोप गाढ असो. जिने उत्तर दिले तिचे उत्तर, जे काही होते ते, जेथे पोहोचायचे होते तेथे पोहोचलेले असो. आणि जी ते हरवून, पेटी उचलून रस्त्याला लागली, तिच्याही वाट्याला एक तीनशे पावलांची गल्ली असो, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला हात वर करणारे कोणी तरी असो.